'डायमंड क्वीन' आणि तिचे प्रेक्षक

आपल्या वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वर येतात, मार्क्स येतो, हल्ली हवामानबदलही येतो. परंतु घोडा, हंटर आणि मारामारी ह्या विषयांवर कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी १९४० सालच्या एका मारधाडीच्या चित्रपटाचे नाव सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अहो, त्यापेक्षा तुम्ही गिरणी-संपावर बोला ना." संपावरही बोलणारच आहे. पण वाट ह्या चित्रपटावरून जाते.

चित्रपटाचे नाव 'डायमंड क्वीन'. निर्मिती वाडिया मूव्हिटोनची, दिग्दर्शक होमी वाडिया, नायिका नादिया, नायक जॉन कावस. आज 'हंटरवाली' हे नाव पुष्कळांना ठाऊक असते. 'डायमंड क्वीन' म्हटल्यावर लोक हिऱ्यांच्या दुकानाची जाहिरात समजतात. आणि हा चित्रपट झाला कोठे, तर आपल्या परळात. लवजी कॅसल नावाच्या जुन्या वाड्यात १९३३ साली वाडिया बंधूंनी आपली कंपनी काढली. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेले आणि इथल्या गोदीत जहाजे बांधणारे लवजी नसरवानजी हे ह्या घराण्याचे मूळ पुरुष. पुढे १९४२ साली ह्याच जागेत शांतारामबापूंचे राजकमल कलामंदिर उभे राहिले, त्यामुळे परळकरांना ती जागा 'राजकमल' म्हणूनच माहीत आहे. राजकमलच्या आधी तिथे घोडे उधळत आणि गुंड तोंडावर आपटत, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता हा चित्रपट कोणत्या जातीचा, ते आधी पाहू. अमेरिकेत ज्याला 'वेस्टर्न' म्हणतात आणि आपल्याकडे पूर्वी 'काऊबॉयचा पिक्चर' म्हणत, त्याची मांडणी ठरलेली असते. दूर सरहद्दीवर एक गाव. कायदा आहे, पण त्याचा हात पोचत नाही, किंवा पोचतो तो गावातल्या दांडग्याच्या खिशात. लोक भिऊन असतात. मग बाहेरून कोणी तरी घोड्यावर बसून येतो, दांडग्याशी झुंजतो, आणि काम झाल्यावर बहुधा निघून जातो. १९०३ सालच्या 'ग्रेट ट्रेन रॉबरी'पासून हा साचा घडत आला. १९३९ साली जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'ने त्याला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली.

'डायमंड क्वीन' त्याच्या पुढच्याच वर्षीचा. गावाचे नाव डायमंड टाऊन. सत्ता भ्रष्ट कारभाऱ्याच्या हाती. गावाच्या सुधारणेचा पैसा त्याने गिळलेला. रानात दिलेर नावाचा एक भला बंडखोर आहे, त्याच्यावर दरोडेखोराचा शिक्का बसला आहे. इथपर्यंत साचा अमेरिकेचा. पण बाहेरून येते ती एक तरुण स्त्री, मधुरिका, आणि ती येते मुंबईहून, काही वर्षे शिकून. शिवाय ती परकी नव्हे, गावचीच लेक. ती गुंडांना उचलून फेकते, घोडा दौडवते, आणि मधूनच स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर नि साक्षरतेवर चक्क व्याख्यान देते. वाडियांच्या चित्रपटांतला लाडका घोडा 'पंजाब का बेटा' आणि शिकवलेल्या जनावरासारखी वागणारी खटारा मोटार 'रोल्स-रॉईस की बेटी' हीदेखील आहेतच. गाणी आहेत, विनोद आहे. म्हणजे वेस्टर्न, सामाजिक बोधपट, सर्कस आणि संगीत नाटक, सारे एका तिकिटात.

ही मिसळ पाहून शिकलेल्या माणसाने नाक मुरडले. त्याचे म्हणणे असे की, काऊबॉयचा चित्रपट करायचा तर तसा करा, समाजसुधारणेचा करायचा तर 'कुंकू'सारखा करा; ही खिचडी कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर गिरणगावातच सापडते.

त्या काळची एक चाळ डोळ्यांपुढे आणा. रत्नागिरी आणि साताऱ्याकडचे मराठी विणकर, तेलंगणातले पद्मशाली, उत्तरेकडून आलेले हिंदी भाषक, गुजराती. बोलपट आला १९३१ साली आणि प्रत्येकाला परक्या भाषेचे ओझे झाले. गोरेगावच्या किंवा बोरीबंदरच्या हिंदीपलीकडे ज्याचे हिंदी जात नाही, त्याला लांबलचक संवाद काय कळणार? पण ठोसा कळतो. घोड्यावरून कडेलोट होताहोता सावरलेली बाई कळते. ज्याला गाणे हवे त्याला गाणे, ज्याला हसायचे त्याला मोटार. पिटातल्या बाकावर ही सगळी मंडळी शेजारीशेजारी बसलेली असत आणि तिकीट प्रत्येकाने आपल्या घामाच्या पैशातून काढलेले असे. अशा प्रेक्षकांसाठी स्वयंपाक करणारा आचारी एकच पदार्थ करीत नाही.

हे वाडियांना फार चांगले कळले होते. थोरले जे. बी. एच. वाडिया एम. ए., एलएल. बी. होते. घरच्यांना सिनेमाचा धंदा रुचण्याजोगा नव्हता. त्यांना वेड होते डग्लस फेअरबँक्सचे. 'मार्क ऑफ झोरो'ची छाप त्यांच्या कामावर शेवटपर्यंत राहिली. पण त्या आवडीत ते एकटे नव्हते. १९२७-२८ साली सरकारने नेमलेल्या रंगाचारियार समितीने देशभर हिंडून चित्रपटांविषयी लोकमत गोळा केले, आणि तिच्या अहवालात हिंदुस्थानातला सर्वांत लोकप्रिय चित्रपट म्हणून नोंद झाली ती फेअरबँक्सच्याच 'थीफ ऑफ बगदाद'ची. ती समिती नेमण्यामागे एक भीतीही होती. अमेरिकी चित्रपटांतल्या गोऱ्या बायका पाहून नेटिवांच्या मनातला गोऱ्यांचा दरारा कमी होईल, अशी ओरड चालू होती. साक्षी मुख्यतः शिकल्यासवरल्यांच्या आणि धंद्यातल्या लोकांच्या. अडाण्यांच्या मनावर काय परिणाम होईल ह्याची काळजी पुष्कळांना. अडाण्याला काय दिसते, ह्याची चौकशी त्या मानाने थोडी.

आणि ह्यानंतर सातच वर्षांनी परळातल्या एका पारशाने खरीखुरी गोरी बाईच हिंदी चित्रपटाची नायिका केली! नादियाचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थचा, १९०८ सालचा. बाप ब्रिटिश फौजेतला, पहिल्या महायुद्धात मारला गेला. मुंबईत वाढलेली ही मुलगी दुकानात विक्रेती झाली, सर्कशीत गेली, नाचाच्या कंपनीबरोबर फिरली. वाडियांनी तिला 'नंदादेवी' व्हायला आणि काळ्या केसांचा गंगावन लावायला सुचवले, तेव्हा तिने साफ नकार दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९३५ साली 'हंटरवाली' तयार झाला तेव्हा वितरक तो घेईनात. शेवटी वाडियांनी मित्रांच्या मदतीने तो ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला, आणि तो पंचवीस आठवड्यांवर चालला.

दुसऱ्याच वर्षी गिरगावातल्या सेंट्रल सिनेमात प्रभातचा 'संत तुकाराम' लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. सुपर आणि सेंट्रल ह्यांत अंतर फार तर मैलभराचे. चित्रपटाचा इतिहास सांगणारी पुस्तके ह्या दोन थिएटरांतले प्रेक्षक दोन वेगळ्या जातींचे असल्यासारखे लिहितात. माझे आजोबा साचेखात्यात होते; त्यांनी दोन्ही पाहिले होते. ते सांगत, "तुकाराम बघायला आंघोळ करून जायचो. नादिया बघायला पाळी सुटली की तसेच." एवढाच फरक त्यांच्या लेखी होता, आणि दोहोंपैकी एकाची लाज वाटावी असे त्यांना कधी वाटले नाही.

मला मात्र वाटली. ती हकीकत सांगतो, कारण ह्या विषयाकडे मी वळलो तो तिच्यामुळे. तीसएक वर्षांपूर्वी मी युनियनच्या कामात नवा होतो. थोडे वाचले होते, त्यामुळे सगळे कळते असा ग्रह. आमच्या भागात एका चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेला रस्त्यात पडदा लावून सिनेमा दाखवायचा बेत होता. मंडळाने मारधाडीचा चित्रपट ठरवला होता. आम्ही दोघातिघांनी वाद घालून तो रद्द करवला आणि कामगार-चळवळीवरचा एक माहितीपट आणला. अर्ध्या तासात रस्त्यावर सतरंज्या आणि चारदोन पोरे उरली. एक निवृत्त विणकर जाताजाता मला म्हणाले, "अरे, सिनेमात तरी मॅनेजरला मार खाऊ दे की." मी पुस्तकी उत्तर दिले : पडद्यावर मार दिला की बाहेर द्यायची गरज उरत नाही, म्हणूनच मालकांना हे सिनेमे आवडतात. ते थांबले, वळले, आणि म्हणाले, "मग ब्याऐंशीला बाहेर कोण होते? सिनेमे बघणारेच ना?"

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीरही झाले नाही. त्या माणसांनी भांडी विकली, गावी जाऊन भात लावला, पण पुष्कळांनी गेटाकडे तोंड केले नाही. ती माणसे पडद्यावरच्या ठोशाने थंड झाली होती, असे म्हणायला जीभ रेटेना. आणि मागे जाऊन पाहिले तर 'डायमंड क्वीन'च्या सालीही तेच. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाईभत्त्यासाठी सार्वत्रिक संप केला, तो सुमारे चाळीस दिवस चालला. सिनेमाने संप घडवला असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे पोरकट होईल. सिनेमाने संप अडवला नाही, एवढे मात्र दिसते.

मग त्या प्रेक्षकाला डायमंड टाऊनमध्ये काय दिसत असेल? इथून पुढे माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराच्या डोक्यावर दोन मालक असत. मुंबईत गिरणीचा, आणि गावी खोत. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत येऊन कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. त्यांत आणि गिरणीतल्या माणसांत भाऊभाऊ, चुलतपुतणे होते. अशा माणसापुढे दोन वर्षांनी चित्रपट येतो, त्यात मुंबईत शिकलेली गावची लेक परत जाते आणि कारभाऱ्याची मानगूट धरते. अमेरिकी वेस्टर्नमधला पाहुणा रानातून येतो आणि रानात जातो. ही बाई मुंबईहून येते. मुंबईला जाऊन चार अक्षरे शिकून, अंगात बळ घेऊन परत यावे आणि गावातल्या दांडग्याला विचारावे, हे स्वप्न त्या पिटातल्या निम्म्या लोकांचे स्वतःचे होते. साचा परदेशचा खरा, पण त्यात ओतलेला ऐवज लालबागचा होता असे मला वाटते.

दिलेरचेही तसेच. बंडखोराला मान देणे आपण हॉलिवुडकडून शिकलो नाही. १८३२ साली पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाइकाची आठवण आपल्याकडे अजून आहे. सरकारी दप्तरात दरोडेखोर आणि लोकांच्या तोंडी राजा, हा प्रकार आपल्या माणसाला समजावून सांगावा लागत नव्हता.

आणखी एक गोष्ट. इंग्रजी अमलात मुंबईच्या सेन्सॉर मंडळाचा अध्यक्ष पोलिस कमिशनरच असे. जुलमी साहेब पडद्यावर दाखवणे शक्यच नव्हते. म्हणून डायमंड टाऊनसारखी नकाशात नसलेली गावे आणि संस्थाने निघत. कारभारी कोण, लुटलेला पैसा कोणाचा, हे प्रेक्षकाने आपल्या मनाने भरून घ्यायचे. प्रत्येक चित्रपटात लोकांना द्यायचा काही तरी संदेश असे, हे नादियाने स्वतः पुढे सांगितलेले आहे. वाडिया तर राजकारणात एम. एन. रॉय ह्यांच्या गटातले, आणि रॉय ह्यांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले. म्हणजे स्त्रीस्वातंत्र्याचे ते भाषण चित्रपटात चुकून शिरलेले नव्हते.

पण गंमत अशी की, ह्याच वाडियांना स्टंटपटांची पुरती प्रतिष्ठा वाटत नव्हती. पैसा नादिया मिळवी. मन मात्र कलापटांकडे ओढ घेई. १९४१ साली त्यांनी साधना बोस ह्यांना घेऊन 'राजनर्तकी' काढला, तोही हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. १९४२ मध्ये दोघे भाऊ धंद्यात वेगळे झाले. होमींनी बसंत पिक्चर्स काढून मारधाड चालू ठेवली. आपल्या प्रेक्षकांचे मत निर्मात्याला पैशापुरते पटावे आणि मानापुरते पटू नये, हा रोग फक्त सिनेमावाल्यांना होतो असे नाही. आम्हा पुढाऱ्यांनाही तो आहे.

शिकलेल्या प्रेक्षकाचे मत बदलायला चाळीस वर्षे लागली. गिरीश कार्नाड (जन्म १९३८, आपल्या माथेरानचा) ह्यांनी १९८० साली नादियावर लेख लिहिला आणि घोड्यावरून येणाऱ्या तिच्या आरोळीला आपल्या बालपणातला सर्वांत न विसरण्याजोगा आवाज म्हटले. १९९३ मध्ये जे. बी. एच. ह्यांचा नातू रियाद वाडिया ह्याने तिच्यावर माहितीपट केला. १९९६ च्या जानेवारीत ती मुंबईत वारली. मधल्या काळात, १९७५ च्या १५ ऑगस्टला, 'शोले' आला. पहिल्या आठवड्यांत जाणत्यांनी त्याला पडेल ठरवले आणि मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. सरहद्दीचे गाव, बाहेरून आलेली माणसे, गाणी आणि विनोद ह्यांची ती मिसळ पाहून कोणाला डायमंड टाऊन आठवले की नाही, कोण जाणे.

सुदैवाने 'डायमंड क्वीन' नष्ट झालेला नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही लालबागला एका मंडळाच्या खोलीत, भिंतीवर चादर लावून तो पाहिला. चाळीसेक माणसे होती. चित्र पुसट, आवाज खरखरीत. संपल्यावर मी भाषण केले नाही. एकेकाला फक्त विचारले, काय वाटले?

घरोघरी पार्सले पोचवणारा एक तरुण म्हणाला, मारामारी फार संथ आहे, हल्ली असे चालत नाही. पण बाई स्वतः उडी मारते हे दिसते, कापाकापी नाही, म्हणून पाहवते. मोटार त्याला सर्वांत आवडली. गिरगावातून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांचा आक्षेप नेमका होता : गुलाम देशात मुक्तीचे धडे द्यायला गोरी बाईच का लागावी? आणि तिचे ते मोडके हिंदी! त्यावर मागून एकाने सांगितले की मोडके हिंदी आमचेही होते, म्हणून तर बरे वाटायचे. खोलीत हशा पिकला. गुरुजी हसले नाहीत, आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. गोरेपणाची भुरळ त्या यशात किती होती, हा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

आमचे एक जुने सहकारी, चळवळीत केस पांढरे झालेले, त्यांनी माझाच तीस वर्षांपूर्वीचा आक्षेप घेतला, पण अधिक चांगल्या रीतीने. ते म्हणाले, "गावचे लोक ह्यात काय करतात? बघत उभे राहतात. बाई मारते, दिलेर मारतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. अरे, सभा कुठे आहे? कमिटी कुठे आहे?" हे खरे आहे. वेस्टर्नच्या साच्याची ही मोठी खोट आहे आणि वाडियांनी कितीही मसाला घातला तरी ती गेलेली नाही.

त्यांना उत्तर दिले ते वाइंडिंग खात्यात काम केलेल्या एका आजींनी. वय ऐंशीच्या पुढे. त्या सबंध वेळ काही बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "नुसते भाषण असते तर मी मघाशीच उठून गेले असते. नुसती मारामारी असती तर ती पोरांनी बघावी. ही बाई दोन्ही करते. आमच्या खात्यात जॉबर अंगावर यायचा तेव्हा कमिटी कुठे होती रे?"

सहकारी गप्प झाले. मग त्यांनी विचारले, कोणत्या सालची गोष्ट? आजींनी साल सांगितले, खाते सांगितले, जॉबरने काय केले आणि चौघी बायकांनी मिळून त्याला जिन्यात कसे गाठले तेही सांगितले. आम्ही दोघांनी मिळून पन्नासहून अधिक वर्षे ह्या भागात काम केले आहे. ही हकीकत आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. नंतर आणखी दोघी बोलू लागल्या. चित्रपट बाजूला राहिला. खोलीची किल्ली परत द्यायची वेळ टळून गेली होती आणि मंडळाचा माणूस दारात येऊन उभा होता, पण तोही ऐकत राहिला.